वहीत नसलेला रकाना

बांधकामावर पर्यवेक्षक असताना मी रोज संध्याकाळी अहवाल लिहीत असे. सिमेंटच्या गोण्या किती लागल्या, मजूर किती आले, स्लॅब कुठवर आला. काम रखडले की त्याच वहीच्या आधारे कुणाची तरी मजुरी कापली जाई. काम का रखडले, हा रकाना मात्र वहीत नव्हता. नोकरी सुटल्यावर त्या रकान्यापायीच मी या विषयाकडे वळलो.

प्रकल्पाची जुनी मोजणी तीन प्रश्नांची : खर्च किती, वेळ किती, दर्जा कसा? मोटारउद्योगाचा अनुभव असलेल्या जॉन ईगन यांच्या समितीने १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ही चौकट रुंदावली. खर्च आणि वेळ दरवर्षी १० टक्क्यांनी, तर दोष आणि अपघात २० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य तिने ठेवले. मजुराचा जीवही हिशेबात आला, हे मला फार मोलाचे वाटते. तरीही असे बहुतेक आकडे हाती येतात ते नुकसान होऊन गेल्यावर.

अमेरिकेतील ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी प्रश्नच बदलला. या आठवड्यात करू म्हणून कबूल केलेल्या कामांपैकी पूर्ण किती झाली? दहा ठरली आणि सहा झाली, तर ६० टक्के. अर्धवट काम शून्यच धरायचे. त्यांच्या पाहणीत हे प्रमाण सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास निघाले!

मग प्रत्येक राहिलेल्या कामापुढे कारण लिहायचे. सेंटरिंग तयार होते, पण सळई आली नाही. नकाशा ऐन वेळी बदलला. आधीच्या टोळीने जागा मोकळी केली नाही. तीच कारणे पुन्हा पुन्हा दिसू लागली की दोष मजुराच्या हाताचा नसून नियोजनाचा आहे, हे उघड होते. म्हणून या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीत साहित्य, नकाशा आणि जागा तयार असल्याखेरीज काम कबूल करायचे नाही. मुकादमालाही ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो.

यातही एक धोका आहे. हीच टक्केवारी दंडासाठी वापरली, तर माणसे सोपीच कामे कबूल करतात. आकडा वाढतो, इमारत तिथेच राहते.

आपले घर बांधले जात असेल, तर ‘किती टक्के झाले?’ एवढ्यावर थांबू नका. या आठवड्यात काय ठरले होते, काय राहिले आणि का राहिले, हे विचारा. आणि ते उत्तर लिहून ठेवायला सांगा.