सर्व्हरची घटकाभर विश्रांती

मुलांनो, समजा, तुमच्या काकांना अर्धापूरहून नांदेडला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला जायचंय. दिवसभर केळीच्या बागेत राबून, रात्रीचं जेवण आटोपून ते पावणेबाराला मोबाईलवर तिकीट काढायला बसले. पण तिकीट काही निघेना! काका वैतागले, "घ्या! सर्व्हर बंद पडला!"

पण तो बंद पडलेला नसतो बरं का, मुद्दाम बंद ठेवलेला असतो. आयआरसीटीसीची तिकीटविक्री रोज रात्री पावणेबारापासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत देखभालीसाठी थांबते.

सर्व्हर म्हणजे काय? लग्नाच्या पंगतीत वाढपी असतो ना, तसा हा संगणक. हजारो लोक एकाच वेळी मागतात आणि हा प्रत्येकाच्या पानात हवं ते वाढतो. मग त्याला थांबावं का लागतं?

पहिलं कारण फळ्याचं. वर्गात मी फळ्यावर गणित सोडवते. प्रत्येक गणितानंतर एखादा कोपरा पुसायचा राहिला, तर संध्याकाळी फळ्यावर जागाच उरणार नाही. संगणकाची स्मृती म्हणजे असाच फळा. प्रोग्रॅममध्ये चूक असेल, तर काम संपलं तरी तो जागा अडवून बसतो. संगणक हळूहळू मंद होतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला, की फळा स्वच्छ!

दुसरं कारण गिरणीचं. पिठाच्या गिरणीचा पट्टा चालू गिरणीत बदलता येतो का? नाही. तसंच संगणकाच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली, तर ती लागू व्हायला बहुधा तो पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय पंखे, डिस्क अशा भागांची झीज होते, ती वेगळीच.

ही विश्रांती टाळली तर? २५ फेब्रुवारी १९९१ ची गोष्ट ऐका. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धाहरान इथं शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकेची 'पेट्रियट' यंत्रणा शंभराहून अधिक तास सलग चालू होती. तिचा संगणक सेकंदाचे दहा भाग करून वेळ मोजायचा. आपण एक भागिले तीन करताना ०.३३३ लिहून कुठंतरी थांबतो ना? तसा संगणकाला एक दशांश हा आकडा पूर्ण लिहिता येत नाही. प्रत्येक वेळी कणभर चूक राहते. शंभर तासांत ती साचून सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. एवढीशीच! पण तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा भलत्याच जागी शोधत राहिली आणि २८ सैनिक प्राणाला मुकले. संगणक पुन्हा सुरू केला असता, तर घड्याळ शून्यापासून मोजू लागलं असतं. त्याला लागला असता जेमतेम दीड मिनिट. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथं पोहोचला, पण दुसऱ्या दिवशी.

आता आपल्या मुंबईत या. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते पावणेचारला पुन्हा सुरू झाले. संपर्काच्या तारांमध्ये बिघाड झाला होता. असं संकट आलं तर काय करायचं, याची तालीम हवी की नको? म्हणून २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही बाजार थोडा वेळ उघडला. निम्मं काम नेहमीच्या ठिकाणाहून केलं. मग मध्ये थांबून उरलेलं काम दुसऱ्या राखीव केंद्रातून केलं. एक वाढपी दमला, तर दुसरा तयार!

मोठ्या ठिकाणी असे अनेक सर्व्हर असतात. आळीपाळीनं एकेकाला विश्रांती देतात, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. जिथं ते जमत नाही, तिथं गर्दी कमी असेल ती वेळ निवडतात. बहुतेक वेळा ती रात्रीचीच असते.

तेव्हा मुलांनो, काका पुन्हा वैतागले, तर त्यांना सांगा, "काका, त्याचा फळा पुसणं चाललंय! बारा वाजून वीस मिनिटांनी बघा." आणि हो, घरातला मोबाईल फारच रेंगाळत असेल, तर त्यालाही एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. काय फरक पडतो, ते स्वतःच पाहा!