आकड्यांच्या घरी : भाग ५ – तेच घर, पुन्हा एकदा

धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ साली गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. पुढे सोवनी, आपटे आणि पेंडसे यांची पुनर्पाहणी १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुणेकरांचे रोजगार आणि कमाई कशी पालटली, हे या पुस्तकांतून कळतं. पण ते अख्ख्या शहराचं. शंभरांत तीस घरं गरीब होती आणि पुढे वीस उरली, असं समजा. ही वीस त्या तिसांतलीच, की काही जुनी सावरली आणि काही नवी घसरली? सरकारला धोरण आखायचं असेल तर या दोन उत्तरांनी सगळा फरक पडतो. ते उत्तर हवं असेल, तर त्याच घराची कडी पुन्हा वाजवावी लागते. अशा पाहणीला पॅनेल म्हणतात.

आपल्याकडचं याचं मोठं उदाहरण म्हणजे ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’. मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची एनसीएईआर ही संशोधन संस्था यांनी २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरं गाठली, २०११-१२ मध्ये त्यांच्याकडे पुन्हा गेले आणि तिसरी फेरी २०२२-२४ मध्ये झाली. सोनाल्डे देसाई आणि सहकाऱ्यांच्या मांडणीनुसार या तिसऱ्या फेरीत सुमारे ८.५ टक्के लोक गरीब निघाले. त्यांतले ३.२ आधीपासूनचे गरीब. उरलेले ५.३ मधल्या काळात आजारपण, लग्नखर्च, बुडालेलं पीक अशा कशाने तरी खाली आलेले. एकदाच केलेल्या पाहणीत हे दोन गट एकाच रकान्यात बसले असते.

त्याही आधी, १९७५ पासून, इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यात शिरापूर आणि कळमण, अकोल्यात कानझरा आणि किनखेडा अशी गावं धरली. गावागणिक ४० घरं, त्यांत १० भूमिहीन मजुरांची. माहिती गोळा करणारा माणूस गावातच राही आणि तीन-चार आठवड्यांनी फिरून त्याच घरी जाई. माझ्या मते नमुना लहान असूनही या नोंदींची खोली आजच्या टॅबलेटवरच्या घाईला येत नाही.

आता खरी अडचण. सात वर्षांनी ‘तेच घर’ म्हणजे कोणतं? पहिल्या फेरीत आईवडील, दोन मुलगे, सुना असं एका चुलीवरचं कुटुंब. दुसऱ्या फेरीपर्यंत धाकटा वेगळा निघतो आणि म्हातारी थोरल्याकडे राहते. शेत कागदावर एकच, उत्पन्न दोन ठिकाणी. ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’ने त्याच वस्तीत राहिलेल्या वाटणीच्या घरांचाही माग काढला आणि त्यांना वेगळा वाटणी क्रमांक दिला. नवखा अभ्यासक फक्त घर क्रमांकावर फायली जोडतो. मग एकत्र कुटुंबाचं जुनं उत्पन्न धाकट्याच्या नव्या उत्पन्नातून वजा होतं आणि घर बुडाल्याचा निष्कर्ष निघतो. बुडालेलं काहीच नसतं, नुसती वाटणी झालेली असते.

दुसरी अडचण गळतीची. याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत ८३ टक्के घरं पुन्हा भेटली. न भेटलेली कोण, हे महत्त्वाचं, कारण लोक योगायोगाने हरवत नाहीत. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर नदीकाठच्या पेठांतली कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली. तेव्हा पुण्यात पॅनेल चालू असतं आणि जुन्या पत्त्यावर कुलूप पाहून पाहणी करणारे परतले असते, तर पुराचा सर्वाधिक फटका बसलेलेच यादीतून गेले असते आणि पुराने फारसं बिघडलं नाही असं दिसलं असतं. आज भाडेकरूंच्या बाबतीत हेच रोज घडतं. अकरा महिन्यांचा करार संपतो आणि माणूस कात्रजहून वाघोलीला जातो.

म्हणून घरचा अभ्यास असा. आयसीपीएसआर या माहिती-संग्रहाच्या संकेतस्थळावर या सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या फायली नोंदणी करून मोफत मिळतात. राज्य, जिल्हा, गाव-वॉर्ड, घर, वाटणी, व्यक्ती हे सगळे क्रमांक धरून व्यक्तींच्या फायली जोडा. मग वयं तपासा. २००५ मध्ये ३४ वर्षांची बाई २०१२ मध्ये ४१ च्या आसपास हवी. एकदोन वर्षं इकडेतिकडे चालतील, आपल्याकडे वय अंदाजानेच सांगतात. पण ती २६ ची निघाली, तर बहुधा जावेशी जोडली गेली. त्यानंतर न भेटलेल्या घरांचं पहिल्या फेरीतलं उत्पन्न आणि शिक्षण भेटलेल्यांशी ताडून पाहा. दोन फेऱ्यांतल्या रुपयांची तुलना इतक्यात नको. आधी महागाई वजा करावी लागते, ते पुढच्या आठवड्यात.