दोन मित्र, दोन घाट : अल्प खर्चातील सह्याद्रीचा फेरा

ज्या समुद्राच्या ओढीने देशोदेशीचे पाहुणे गोव्यात येतात, त्या समुद्राचे येथील रहिवाशास फारसे अप्रूप नसते. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की त्याची दृष्टी पूर्वेकडे, सह्याद्रीच्या निळसर रांगेकडे वळते. दोघा मित्रांनी मिळून एक मोटारसायकल घ्यावी, खिशात बेताचे पैसे असावेत आणि घाट चढून वर जावे, असा तरुणांचा विशेष कल असतो. हा प्रवास फार थोड्या खर्चात होऊ शकतो. मात्र हात कोठे आखडावा आणि कोठे मुळीच आखडू नये, याचा विचार निघण्यापूर्वी केलेला बरा. कारण चुकीच्या जागी केलेली काटकसर घाटात जिवावर बेतते.

अशा प्रवासाचा नमुना म्हणून पणजीहून निघून पणजीलाच परतणारा एक फेरा येथे विचारात घेतला आहे. पणजीहून साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी व जांबोटीमार्गे बेळगावी. तेथून शिनोळीवरून चंदगड तालुक्यातून आंबोली. आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी व पुन्हा पणजी, असा हा मार्ग आहे. एकंदर अंतर सुमारे २८० ते ३०० किलोमीटर भरते. मार्ग गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र अशा तीन राज्यांतून जातो. तथापि मराठी बोलणाऱ्यास त्यावर कोठेही दुभाष्याची गरज पडत नाही.

चढ एकदा, उतार एकदा

सह्याद्रीस आपण पर्वत म्हणतो ते कोकणातून पाहिल्यामुळे. पूर्वेच्या बाजूने पाहणाऱ्यास तो पर्वत न वाटता पठाराचा तुटलेला काठ वाटतो. पणजी समुद्रसपाटीलगत आहे. चोर्ला घाटाचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर, बेळगावी साडेसातशे मीटरच्या आसपास आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे चोर्ला घाट चढून वर आलेल्या प्रवाशास पलीकडे तेवढेच उतरावे लागत नाही. तो पठारावर येतो आणि दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या कड्याशी पोहोचेपर्यंत पठारावरच राहतो. पहिला घाट चढाचा, दुसरा उताराचा आणि मधला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता साधारण सपाटीचा, अशी या फेऱ्याची रचना आहे.

उलट दिशेनेही हा फेरा करता येतो. परंतु दिवसभराचा प्रवास करून संध्याकाळी थकलेल्या हातांनी चोर्ला उतरण्यापेक्षा आंबोलीस रात्र काढून सकाळी ताज्या मनाने घाट उतरणे केव्हाही श्रेयस्कर.

ऋतूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धबधबे तेव्हाच पाहावेत हे खरे. परंतु धुके, निसरडा रस्ता, कोसळणाऱ्या दरडी आणि रविवारची अलोट गर्दी, हे सारे त्या धबधब्यांबरोबरच पदरी पडते. दुचाकीवरील दोघांस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक मानवतो.

खर्चाचा हिशेब

दोन माणसे व थोडे सामान घेऊन घाटातून जाणारी लहान मोटारसायकल एका लिटरमध्ये सुमारे ४५ किलोमीटर जाते असे धरले, तर संपूर्ण फेऱ्यास सहा ते सात लिटर पेट्रोल पुरते. गेली काही वर्षे गोव्यातील पेट्रोल शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा काही रुपयांनी स्वस्त आहे. त्यामुळे पणजी सोडण्यापूर्वी टाकी भरून घेतली, म्हणजे दहा लिटरची टाकी असलेल्यास वाटेत पंप शोधण्याचे कारण उरत नाही. सहा-सातशे रुपयांचे पेट्रोल दोघांत वाटले गेले की माणशी साडेतीनशेच्या घरात खर्च येतो.

उरलेला खर्च मुक्काम व भोजनाचा. एकट्यास जी खोली महाग वाटते ती दोघांत परवडते. मैत्रीचा हा आर्थिक लाभ दुर्लक्षिण्यासारखा नाही. सुटीच्या दिवशी आंबोलीस खोल्यांचे दर चढतात, तेव्हा शनिवारऐवजी मधल्या वारी जाता आले तर तेवढ्यानेच मोठी बचत होते. सकाळची न्याहारी घरून बांधून न्यावी, दुपारी बेळगावीत साधी थाळी घ्यावी आणि रात्री मुक्कामी पिठले-भाकरी. पैशांवरून मित्रांत कुरबुर होऊ नये म्हणून दोघांनी निघतानाच सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी आणि ते पाकीट, ज्याचा हात सैल नाही, त्याच्या स्वाधीन करावे.

ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. पणजी व बेळगावी यांच्या दरम्यान चोर्लामार्गे बसगाड्या धावतात आणि बेळगावीहून सावंतवाडीकडे जाणारी एस. टी. आंबोलीवरून उतरते. वेळापत्रक मात्र बसस्थानकावर विचारून घ्यावे.

आता ज्यावर कधीही बचत करू नये अशा गोष्टी. झिजलेला टायर, सैल झालेली चेन व संपत आलेले ब्रेकचे अस्तर बदलून घेतल्याशिवाय निघू नये. मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण हवे. कायद्यास ते आवश्यक आहेच. शिवाय गाडी घसरली तर मागचा माणूस पुढच्यापेक्षा हलका पडतो, असा काही निसर्गनियम नाही. दोघांच्या वजनास टायरमध्ये हवा किती असावी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एकट्याने फिरताना ठेवलेली हवा दोघांस पुरत नाही.

चोर्ला ते आंबोली

साखळी सोडल्यानंतर केरी येथे अंजुणे धरणाचा जलाशय डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहतो आणि घाट सुरू होतो. हा भाग १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याचा आहे. चढावर गाडी दम टाकू लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. इंजिन गुरगुरत असताना वरच्या गिअरमध्ये रेटण्याने पेट्रोल वाचत नाही, उलट इंजिन तापते. समोरून उतरणाऱ्या वाहनाने, रस्ता अरुंद असेल तेथे, चढणाऱ्यास वाट द्यावी असा नियम आहे. तो सर्वांना ठाऊक असतोच असे नाही, म्हणून वळणावर भोंगा वाजवून आपल्या बाजूनेच जावे.

घाटमाथ्यावर कणकुंबी हे गाव लागते. येथे मलप्रभा नदीचा उगम आहे. याच खानापूर तालुक्याच्या रानात म्हादईही उगम पावते. मलप्रभा पूर्वेस वळून कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. म्हादई मात्र कडा उतरून गोव्यात येते, मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. सकाळी पणजीच्या पुलावरून मांडवी ओलांडून निघालेल्या प्रवाशास, दोन-तीन तासांत, तिच्या माथ्यावरील पाणलोटापाशी आणता येते, एवढा हा प्रदेश आटोपशीर आहे. कणकुंबीस अर्धा तास थांबावे. इंजिनास विश्रांती मिळते आणि चालविणाराही बदलता येतो.

जांबोटीमार्गे बेळगावीस पोहोचल्यावर जेवण आटोपून, हवा तर पावशेर कुंदा बांधून घ्यावा; मात्र शहरात फार वेळ काढू नये. हिंडलगा, शिनोळी व पुढे चंदगड तालुक्यातील काजूच्या बागा मागे टाकत दिवस मावळण्यापूर्वी आंबोली गाठणे आवश्यक आहे. या रानात गवे आहेत. संध्याकाळी ते रस्ता ओलांडतात आणि काळ्या अंगाचा गवा अंधारात दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही. मुक्कामाचे पैसे वाचविण्यासाठी रात्रीच घाट उतरून घरी जाण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. ज्याने दिवसभर गाडी चालविली आहे, त्याने तो मनातच ठेवावा.

आंबोलीतील हिरण्यकेशीचे स्थान पाहण्यास पैसे लागत नाहीत. गुहेतून वाहत येणाऱ्या झऱ्यापाशी महादेवाचे मंदिर आहे आणि तोच हिरण्यकेशी नदीचा उगम मानला जातो. तीही पूर्ववाहिनी होऊन घटप्रभेमार्गे कृष्णेस मिळते. या झऱ्याच्या पाण्यात आढळलेल्या एका लहान माशाचे वर्णन नवीन जाती म्हणून २०२० साली प्रसिद्ध झाले. नदीवरूनच त्यास शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने हे स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. त्या कुंडात साबण लावून अंघोळ करणे किंवा पाण्यात खाद्यपदार्थ टाकणे योग्य नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

उताराचे गणित

आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना वाहन सुमारे ६०० मीटर खाली येते. मोटारसायकल, दोन माणसे व सामान मिळून वजन २८५ किलोच्या आसपास धरले, तर या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १७ लाख ज्यूल होते. एवढ्या उष्णतेने पाच लिटर थंड पाणी उकळीस येईल. ही उष्णता कोठे तरी जावयास हवी. काही भाग वारा व टायर घेतात. उरलेली घेण्यास दोनच ठिकाणे आहेत, एक ब्रेक आणि दुसरे इंजिन.

येथेच सर्वांत घातक काटकसर घडते. गाडी आपोआप उतरत आहे, तर पेट्रोल कशास जाळावे, असे म्हणून पुष्कळ जण इंजिन बंद करतात किंवा गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. असे केले की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे अस्तर मर्यादेपलीकडे तापले की त्याची पकड सैल पडते. पाय तेवढाच दाबला जातो, पण गाडी पूर्वीप्रमाणे आवरत नाही. आणि हे लक्षात येते ते बहुधा एखाद्या वळणावरच. वास्तविक यात बचतही होत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यानंतर आलेल्या मोटारसायकलींत प्रायः इंधन-इंजेक्शनची योजना असते. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर वेग न देता चालू असते, तेव्हा अशी यंत्रणा सामान्यतः इंजिनास पेट्रोल पुरविणेच थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धुगधुगत राहावे म्हणून पेट्रोल सोडावेच लागते. म्हणजे जिवाची जोखीम घेऊन मिळते काय, तर थोडे अधिक पेट्रोल जाळण्याचा मान.

यास्तव ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणापूर्वी दोन्ही ब्रेक एकत्र, थोडा वेळ वापरून सोडावेत. करपल्यासारखा वास आला किंवा ब्रेकची पकड बदललेली जाणवली, तर रस्त्याच्या आत सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे गाडी निवू द्यावी. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. मागे बसणाऱ्याने वळणावर चालविणाऱ्याच्या विरुद्ध बाजूस कलू नये आणि ‘जरा थांबूया’ असे म्हणण्याचा संकोच धरू नये. बरेचदा चालविणाऱ्यास तेच हवे असते, पण तो प्रथम म्हणत नाही.

वेळ वाचविण्याचा आणखी एक मोह नकाशावर दिसतो. चंदगड तालुक्यातूनच तिलारी घाटाने थेट दोडामार्गास उतरता येते आणि पणजीचे अंतर बरेच कमी होते. तिलारी प्रकल्पाच्या निमित्ताने झालेला हा रस्ता अत्यंत तीव्र उताराचा व आखूड वळणांचा असून, त्यावर अवजड वाहनांना बंदी घालण्याचीही वेळ आलेली आहे. दोघांचे वजन घेतलेल्या लहान दुचाकीने, तीही पहिल्याच खेपेस, हा घाट निवडू नये. आंबोलीचा रस्ता लांबचा असला तरी तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले बंदर व बेळगावची लष्करी छावणी यांच्यातील मालवाहतूक बैलगाड्यांनी होत असे. त्या वाहतुकीस पेलवेल अशा बेताने घाटाची चढण राखलेली आहे आणि मोटारसायकलीस तिचा आजही फायदा होतो.

आणखी एक सूचना, जी देणे भाग आहे. गोव्यातील मद्य स्वस्त म्हणून मित्रांसाठी एखादी बाटली सामानात टाकण्याची पद्धत आहे. परवान्याशिवाय ते कर्नाटकात अथवा महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा ठरतो आणि दोन्ही सीमांवर तपासणी होते. दोन दिवसांच्या प्रवासातील सारी बचत अशा एका बाटलीत जाऊ शकते. वाहन चालविण्याचा परवाना, नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. परंतु घाटात मोबाइलची बॅटरी संपते, म्हणून छायाप्रती जवळ असाव्यात.

सकाळी आठच्या सुमारास, धुके विरल्यावर, आंबोली सोडली की दहाच्या आत सावंतवाडीस मोती तलावाच्या काठी चहा घेता येतो. तेथून बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून पणजी सुमारे साठ किलोमीटर. टाकीत बहुधा दोन-तीन लिटर पेट्रोल शिल्लक असते आणि सामाईक पाकिटात थोडी रक्कमही. ती वाटून न घेता बहुतेक जण त्याच पाकिटात पुढच्या फेऱ्यासाठी ठेवून देतात.