पंक्चर काढायचं की टायरच बदलायचा? उत्तर टायरच्या आत असतं

दिवाळी आटोपून आम्ही पुण्याला निघणार होतो, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाबा कार घेऊन संत्र्याच्या बागेत गेले होते. शेंदूरजनाघाटात पंक्चर कशाने झालं हे विचारावं लागत नाही. धुऱ्यावरची बाभूळ असते. संध्याकाळी निघताना पाहतात तर मागचा टायर पूर्ण बसलेला. स्टेपनी लावायचा कंटाळा, म्हणून ते तशीच गाडी हळूहळू घरी घेऊन आले. "दोन-तीन किलोमीटर तर होतं," म्हणाले.

पंक्चरवाल्या भाऊंनी टायर रिमवरून न काढताच बाहेरून स्ट्रिप मारली, हवा भरली, साबणाचं पाणी ओतून दाखवलं. एकही बुडबुडा नाही. "काही होत नाही भाऊ, बिनधास्त जा." दुसऱ्या दिवशी गाडीत पाच माणसं, डिक्कीत संत्र्याचे क्रेट आणि पुढे समृद्धी महामार्ग. मी म्हटलं, टायर खोलून एकदा आत बघू. बाबा वैतागले, पण खोलला.

आत काय निघालं ते सांगतोच. त्याआधी साबणाच्या पाण्याची टेस्ट का पुरत नाही, ते समजून घेऊ.

छिद्र कुठे आहे?

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो ट्रेड. त्याच्या खाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, त्यामुळे तो भाग फारसा वाकत नाही. इथे खिळा किंवा काटा घुसला आणि छिद्र साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल, तर दुरुस्ती होते.

साइडवॉल म्हणजे टायरची बाजू. तिथे स्टीलचे पट्टे नसतात, रबरात फक्त धाग्यांचा थर असतो आणि त्याचं कामच वाकणं आहे. १८५/६५ आर१५ साइजचा टायर ताशी १२० किलोमीटरला सेकंदात जवळपास १७ फेऱ्या मारतो. म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला १७ वेळा दबतो आणि सुटतो. तिथे लावलेला पॅच किती टिकणार? म्हणून साइडवॉलला किंवा ट्रेडच्या अगदी कडेला छिद्र असेल तर विषय संपला, टायर बदला. खड्ड्यात आपटून बाजूला टेंगूळ आलं असेल तरी तेच. टेंगूळ म्हणजे आतले धागे तुटलेत, आता हवा फक्त रबराच्या भरवशावर अडवली आहे.

आमचा काटा ट्रेडच्या बरोबर मध्ये होता, छिद्रही बारीक. बाहेरून पाहिलं तर दुरुस्तीसाठी एकदम आदर्श केस.

आत पाहिलं तेव्हा

भाऊंनी टायर खोलला, मी मोबाइलचा टॉर्च मारला. आत काळी पावडर सांडलेली होती. साइडवॉलवर आतून गोल घासल्याचा पट्टा दिसत होता आणि एका जागी धागे उघडे पडले होते.

हवा नसलेल्या टायरवर गाडी चालवली की साइडवॉल रिमखाली घडी होऊन चिरडते आणि तापते. आतला थर घासून त्याची पावडर होते. यासाठी फार अंतर लागत नाही. नंतर हवा भरली की टायर पुन्हा गोल, बाहेरून नव्यासारखा. साबणाचं पाणी फक्त 'हवा गळते का?' एवढंच सांगतं. 'टायर १२० च्या स्पीडला पाच माणसांचं वजन झेलेल का?' हा प्रश्न ते विचारतच नाही. (आमच्या भाषेत सांगायचं तर एक युनिट टेस्ट पास झाली म्हणून कोड थेट प्रॉडक्शनला टाकायचा नसतो.) भाऊंनीही पावडर बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हा नका नेऊ."

ट्रेडमधलं साधं पंक्चर असेल आणि आत काही इजा नसेल, तरी बाहेरून मारलेली स्ट्रिप ही तात्पुरतीच समजा. ती छिद्र बुजवते, पण तिच्या कडेने पाणी आत झिरपलं तर स्टीलच्या तारा गंजतात. पक्की दुरुस्ती म्हणजे मशरूम पॅच: टायर खोलून आतून लावतात, त्याची दांडी छिद्र भरते आणि छत्री आतून सील करते. थोडे जास्त पैसे लागतात, पण त्या निमित्ताने टायर आतून पाहून होतो, आणि मला तरी तोच खरा फायदा वाटतो.

गाडीच सांगेल ना?

नवीन गाड्यांत टीपीएमएस असतं, टायरचं प्रेशर कमी झालं की वॉर्निंग देणारं. काही गाड्यांत व्हॉल्व्हला सेन्सर असतो. काहींत सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की चाकाचा घेर थोडा घटतो, ते इतरांपेक्षा जास्त फिरतं, आणि एबीएसच्या डेटावरून गाडी हे ओळखते. १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि रिपेअर किट असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी न देण्याचीही मुभा आहे. किटमधलं सीलंट दुकानापर्यंत पोहोचवतं, पण नंतर टायर खोलावाच लागतो. आणि वॉर्निंग आल्यावरही गाडी दामटली तर टीपीएमएस काय करणार? आमच्या गाडीत तर ते नव्हतंच.

मग स्टेपनी लावली का? लावायच्या आधी तिच्यावरचा डीओटी कोड झूम करून फोटो काढला. शेवटचे चार आकडे ३११७, म्हणजे २०१७ च्या ३१ व्या आठवड्यात बनलेली. ट्रेड कोरी करकरीत, पण न वापरताही रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर दिसायला कसाही असला तरी टायर बाद, असं अनेक कंपन्या सांगतात. वरूडच्या टायरच्या दुकानापर्यंत ती स्टेपनी चालली. समृद्धीवर नाही नेली.

दुकानात उरलेले टायर पाहिले. ट्रेडच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं तिथे शोधा. ट्रेड झिजून त्या उंचवट्याला टेकली की खाच १.६ मिलिमीटरच उरली, कारसाठी कायद्याची किमान मर्यादा. मागचा दुसरा टायर तिथे जवळजवळ पोहोचला होता. एक नवीन, एक झिजलेला अशी जोडी एकाच अॅक्सलवर ओल्या रस्त्यात गाडीला ओढते, म्हणून दोन्ही घेतले आणि मागेच लावले. एकदम दोनच नवीन घेत असाल तर ते मागे लावतात, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरी. मागची चाकं घसरली तर स्टीअरिंगने गाडी सावरणं फार अवघड जातं.

नवीन टायरचाही चार आकडी कोड बिल होण्याआधी पाहा, दुकानात जुना स्टॉक असू शकतो. जुना टायर तिथे सोडताना बाबांनी त्याची साइडवॉल कोयत्याने चिरायला लावली, दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून. निघायला चार तास उशीर झाला.