रान किती खोल नांगरायचं?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सोलापुरातल्या अशा घरात शाळेची परीक्षा, लग्नकार्य, गड्ड्याची जत्रा, सगळं त्या तारखा सांभाळून ठरतं. यातून सुटका मूलपेशी प्रत्यारोपणाने होऊ शकते. पण दात्याच्या पेशी देण्याआधी जबर केमोथेरपीने मुलाची स्वतःची अस्थिमज्जा हटवावी लागते. या ‘कंडिशनिंग’बद्दल ऐकूनच आईवडिलांचा धीर सुटतो.

ही पद्धत रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांतून आली. कर्करोग हराळीसारखा, एक कांडी राहिली तरी रान पुन्हा माजतं. थॅलेसेमियात मात्र मारायला शत्रू नाही. नव्या पेशींना जागा मिळावी आणि शरीराने त्या नाकारू नयेत, एवढंच हवं. दात्याच्या पेशी वीस-तीस टक्केच टिकल्या, तरी अनेकांचं रक्त चढवणं थांबतं. कारण सदोष लाल पेशी बहुतेक मज्जेतच मरतात, तर निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगतात.

मग डोस कमी का करत नाहीत? या आजारात मज्जा फुगून गच्च भरलेली असते आणि वर्षानुवर्षं परकं रक्त घेऊन प्रतिकारशक्ती सावध झालेली असते. डोस नुसता घटवला, तर दात्याची मज्जा नाकारली जाण्याची भीती वाढते. म्हणून औषधच बदलायचं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हे करून दाखवलं. यकृत सुजलेल्या, सतत रक्त घेऊन लोह साठलेल्या, जास्त जोखमीच्या गटातल्या ५० रुग्णांना नेहमीच्या बुसल्फान या औषधाऐवजी ट्रिओसल्फान, जोडीला थायोटेपा आणि फ्लुडाराबिन दिलं. त्यांतल्या सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांत यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर आलं, पूर्वीच्या तशाच रुग्णांत ते ७८ टक्के होतं. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना लहानपणी पुरेसे उपचार मिळाले नाहीत, अशा मुलांसाठी आपल्याच देशात हे झालं, याचं मला फार मोल वाटतं. शिवाय बुसल्फान मुलींच्या बीजांडकोशाला मोठी इजा करतं. ट्रिओसल्फानने ती कमी होत असल्याचं दिसतं.

अर्थात सौम्य औषधही लोहाने थकलेल्या यकृताला जड जातं. म्हणून लोह उतरवणाऱ्या गोळ्यांत खंड नको. दाता म्हणून सख्ख्या भावंडाची एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखचिन्हं, जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती तपासणी लहानपणीच करून घ्यावी. कोल इंडियाच्या निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना निकषांत बसणाऱ्या मुलाच्या प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत देते. वेल्लोरही तिच्या रुग्णालयांच्या यादीत आहे.