समुद्री माशांची पहिली टाकी: मीठ सोपं, सब्र अवघड

आमच्या घरात बरीच वर्षं गोड्या पाण्याची टाकी आहे. गप्पी, मोली, एंजल, कधी गोल्डफिश. त्यामुळे मासे पाळणं आपल्याला जमतं, असा आमचा समज होता. तीन वर्षांपूर्वी ईदला मुलांनी आपापली ईदी एकत्र करून आमच्यासमोर ठेवली. "अब्बू, या वेळी निमो आणायचा." निमो म्हणजे क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला समुद्रातला मासा.

दुकानदार म्हणाले, "सर, पाण्यात मीठ टाका, दोन दिवस पंप चालवा आणि मासे घेऊन जा." आम्ही तसंच केलं. पाचव्या दिवशी दोन्ही मासे मेले. धाकटीने विचारलं, "अब्बू, पाणी तर एकदम साफ होतं ना?" वर्गात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पटकन देता आलं नाही, याची शरम वाटली. उत्तर शोधायला आणि टाकी नीट लावायला पुढे चार महिने लागले. ज्यांच्या घरात गोड्या पाण्याची टाकी आहे आणि मुलं 'निमो'साठी हट्ट धरून बसली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

दोन पाण्यांत फरक काय?

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. म्हणून पाणी आपोआप अंगात शिरतं आणि मासा ते लघवीवाटे सतत बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाचं उलट असतं. बाहेरचं पाणी जास्त खारट, त्यामुळे अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जादाचे क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. म्हणजे टाकीतलं पाणी तो नुसता अंगावर घेत नाही, पोटातही घेतो. खारटपणा अचानक वरखाली झाला की त्याच्या शरीरावर ताण येतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मरीन सॉल्ट मिळतं. आमच्या तीन फुटी टाकीत दगड-वाळू धरून सुमारे १५० लिटर पाणी बसतं. हिशोब सोपा: १५० गुणिले ३५, म्हणजे सव्वापाच किलो मीठ. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा. घनता १.०२५ च्या आसपास हवी. अंदाजाने मीठ टाकणं म्हणजे काटा न बघता औषध देणं.

साफ पाणी आणि तयार पाणी

आता धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं साफ असतं. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच कमी घातक असतं. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात. वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमची टाकी होती दोन दिवसांची.

गोड्या पाण्यातही हेच चक्र असतं, मग तिथे घाई कशी खपून जाते? समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. पीएच जास्त असला की तितकाच अमोनिया जास्त विषारी होतो. शिवाय खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. जुन्या टाकीचा फिल्टर इकडे लावून काम भागेल, असंही आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. गोड्या पाण्यातले जिवाणू एकदम खाऱ्या पाण्यात टाकले की टिकाव धरत नाहीत.

म्हणून दुसऱ्या वेळी टाकी भरली, पंप सुरू केला आणि मासा न आणता रोज चिमूटभर खाणं टाकत राहिलो. टेस्ट किटने दर दोन दिवसांनी पाणी तपासलं आणि आकडे मुलांकडून वहीत लिहून घेतले. आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, तेव्हा पाचवा आठवडा संपत होता. पाहुणे विचारायचे, "मासे कुठायत?" मुलं वही दाखवायची.

पाणी कुठून आणायचं?

कोकणातले नातेवाईक पहिल्यांदा हेच म्हणतात, "समुद्र समोर आहे, दोन कॅन भरून ने की!" किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचं तेल, गाळ असतो. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं पाणी मिसळून खारटपणाही उतरतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. किनाऱ्यावरची वाळूही नको.

नळाचं पाणीही नको, त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळ वाढवणारे घटकही असू शकतात. आरओचं पाणी घ्यावं, शक्यतो डीआय फिल्टर लावलेलं. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून टीडीएस मीटरने बघून घ्या. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, एक दिवस आधी विरघळवायचं. त्या बादलीला साबण किंवा फिनेल कधीच लागू द्यायचं नाही.

सामान आणि खर्च

लहान टाकी स्वस्त पडेल असं वाटतं, पण कमी पाणी लवकर बिघडतं. पहिल्या टाकीसाठी १०० लिटरच्या खाली जाऊ नये. भरलेल्या तीन फुटी टाकीचं वजन दगड-काचेसह दोनशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा जुन्या टेबलावर ती ठेवू नका. पाणी फिरवायला वेव्हमेकर, घाण फेसावाटे काढायला प्रोटीन स्किमर, रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट लागतात. तापमान २५ ते २७ अंश हवं. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळाच जास्त त्रास देतो. पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी जास्त उडतं.

लाइट जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, शोभेचं सामान नंतर. आम्हाला एकूण खर्च गोड्या पाण्याच्या टाकीच्या चौपट आला, आणि मिठाचा, विजेचा खर्च दर महिन्याला चालूच आहे. हा हिशोब घरात सगळ्यांसमोर आधी मांडावा. परवडत नसेल तर गप्पींची टाकीही सुंदरच असते.

मासे कोणते, आणि काय आणू नये

सुरुवात क्लाउनफिशच्या एका जोडीने करा. शक्य असेल तर हॅचरीत वाढवलेली जोडी घ्या. भारतात केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. असे मासे टाकीत लवकर रुळतात आणि समुद्रातून पकडावेही लागत नाहीत. आपल्या टाकीत तीन-चार छोटे मासे पुरेत. मुलांना आवडणारा निळा 'डोरी' एक फुटापर्यंत वाढतो, त्याला तीन फुटी टाकीत ठेवणं जुलूम आहे. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत सोडा. गोड्या पाण्यात पांढरे ठिपके आले की आपण मीठ टाकतो, तो उपाय इथे नाही. तांब्याचं औषध असेल तर ते वेगळ्या टाकीतच द्या, मुख्य टाकीतल्या कोळंबी-गोगलगायी त्याने मरतात.

एक गोष्ट कायद्याची. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे. दुकानात कुणी 'जिवंत दगड' म्हणून प्रवाळ दाखवलं तर घेऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये झालं, तिथल्या समुद्रात प्रवाळ आहे. ते तिथेच राहू द्यावं. आम्ही टाकीत सिरॅमिकचे दगड लावले आहेत. आणि जुने मासे नको झाले म्हणून ओढ्यात, विहिरीत सोडू नका, ओळखीच्या घरी द्या.

रोजचं काम

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून काचेवर खूण करा आणि रोज खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी भरा, खारं नाही. आठवड्याला १५ लिटर पाणी बदला, त्यासाठी मीठ लागतं साधारण अर्धा किलो. खाणं इतकंच द्या की दोन मिनिटांत संपेल.

आमच्या टाकीतली जोडी आता अडीच वर्षांची झाली. दोघांतली मोठी ती मादी, कारण क्लाउनफिश आधी नर असतात आणि त्यांच्यातला सगळ्यात वरचढ पुढे मादी होतो. हे धाकटीनेच पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली आहे. पहिल्या दोन माशांचं मात्र ती विसरलेली नाही, आणि आम्हीही नाही. बेजुबान जीव आपल्या घरी येतो तेव्हा तो दुकानदाराच्या भरवशावर नाही, आपल्या भरवशावर येतो. म्हणून टाकी आज आणा, मासे दीड महिन्याने.