उतारावरची काटकसर

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा नवा बोगदा ओलांडून मुंबईकडे निघालेल्या मालमोटारीस नवले पुलापर्यंत दीर्घ उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका मालमोटारीने पुढील अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले असावेत, हा प्रथम व्यक्त झालेला तर्क. परंतु इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ती उतारावर सोडण्यात आली होती, असे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले. अशा अपघातानंतर चालकाच्या बेपर्वाईवर चार शब्द लिहून विषय संपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः विषय तेथून सुरू व्हावयास हवा. हाताशी असलेले इंजिन चालक बंद का करतो?

उत्तर डिझेलच्या हिशेबात आहे. लांब पल्ल्याच्या फेरीत डिझेल ही खर्चाची सर्वांत मोठी बाब असते. अनेक ठिकाणी मालक गाडीचा ‘अ‍ॅव्हरेज’ ठरवून फेरीचे डिझेल मोजून देतो. तुटले तर चालकाच्या पैशांतून कापले जाते, उरले तर त्याच्या पदरात पडते. ज्याचे उत्पन्न फेरीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने उतार म्हणजे फुकटात मिळालेले मैल. तेव्हा ही बेपर्वाई नव्हे, व्यवस्थेने शिकविलेले गणित आहे.

दुर्दैव असे की, हे गणित आता चुकीचेही ठरले आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. चाकेच इंजिनाला फिरवितात आणि त्या ओढीने वेगही आवरला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धगधगते ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. ते वाचावे म्हणून इंजिन बंद केले, तर ब्रेकना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीतील हवा चारदोनदा ब्रेक दाबताच उतरू लागते, आणि वीसपंचवीस टनांचे वजन निसर्गाच्या हवाली होते. थेंबांच्या बचतीसाठी माणसांचे प्राण पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे.

मग खरी बचत कोठे आहे? पहिली वेगात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेलेल्या गाडीला सुमारे पावणेदोनपट विरोध सोसावा लागतो. दुसरी टायरांत. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, तापतो आणि तेवढी शक्ती खातो. तिसरी परतीच्या भाड्यात. रिकामी परतणारी गाडी डिझेल जाळते, माल मात्र वाहत नाही. समजा, गाडी लिटरला चार किलोमीटर जाते. मुंबई ते दिल्ली या सुमारे १,४०० किलोमीटरच्या वाटेवर ती ३५० लिटर जाळील. यांतील दशांश जरी वाचला, तरी एका फेरीत ३५ लिटर झाले. उतारावर इंजिन बंद करून एवढे कधीही साधणार नाही.

तथापि चालकाला ‘हळू चालव’ असे सांगणे सोपे आहे. गोदामाच्या दारात माल चढविण्यासाठी वा उतरविण्यासाठी जो तासन्‌तास ताटकळतो, त्याला पोहोचण्याची मुदत मात्र तीच राहते. गेलेले तास तो रस्त्यावर वेगाने भरून काढतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, मुंबईची जकातही गेली. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावरचा खोळंबा कमी झाला हे मान्य करावयास हवे. गोदामाच्या दारातला खोळंबा मात्र कोणत्याही कायद्याच्या नजरेत भरलेला दिसत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. त्याने दिवसाचे आठ तास काम ठरवून दिले. महामार्गावर त्याची आठवण किती चालकांना आहे?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जपानने अवजड वाहनांसाठी इंधनमर्यादा २००६ मध्ये घालून दिली, अमेरिकेने २०११ मध्ये. भारतात १२ टन व त्याहून अधिक एकूण वजनाच्या वाहनांसाठी अशी मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये अधिसूचित झाली. तिची कसोटी ताशी ४० व ६० किलोमीटर अशा स्थिर वेगावर घेण्याचे ठरले. पण स्थिर वेग कसोटीच्या मैदानावर असतो. कात्रजच्या उतारावर आणि गोदामाच्या रांगेत तो नसतो. कारखानदाराचे इंजिन सुधारले, म्हणून धंद्याची रीत आपोआप सुधारत नाही.

मालकांची बाजूही ऐकावयास हवी. या धंद्यात एकदोन गाड्यांचे धनी असलेले छोटे मालक बहुसंख्य आहेत. भाडे दलाल ठरवितो, डिझेलचा दर कंपन्या ठरवितात. मालकाच्या हाती उरतो तो चालक. त्यामुळे वरून आलेला प्रत्येक भार शेवटी त्याच्याच खांद्यावर उतरतो. उपाय म्हणूनच वरून सुरू झाला पाहिजे. ठरलेल्या वेळेपलीकडे गाडी अडवून ठेवणाऱ्या माल पाठविणाऱ्याने वा घेणाऱ्याने त्याचे पैसे मोजावेत. चालकाला निश्चित वेतन असावे, आणि डिझेलच्या बचतीतील वाटा बक्षीस म्हणून मिळावा. तुटीचा दंड म्हणून कापला जाऊ नये. परवान्याच्या प्रशिक्षणात नव्या इंजिनाची रीत शिकविली जावी.

बहुतांश खनिज तेल परदेशांतून आणणाऱ्या देशाने डिझेलचा थेंबन्‌थेंब वाचवावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु राष्ट्राची काटकसर त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाने, रात्रीच्या अंधारात, इंजिन बंद करून करावी, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था काटकसरी नव्हे. ती केवळ आपला खर्च दुसऱ्याच्या नावे लिहीत असते. आणि त्याची वसुली कधी ना कधी उताराच्या पायथ्याशी होते.